खोगीर आणि त्याचा पगार

आमचा भाचा गेले चार महिने बेंचवर आहे. ज्यांच्या घरात एकही माणूस आयटीत नाही अशी मराठी कुटुंबं आता अभयारण्यात ठेवण्याइतकी दुर्मिळ झाली आहेत, तरी त्यांच्यासाठी खुलासा करतो. प्रोजेक्ट संपलं की कंपनी माणसाला लगेच घरी पाठवत नाही. बाजूला बसवते. काम शून्य, पगार चालू. आठवड्यातले तीन दिवस हिंजवडीला जाऊन कार्ड स्वाइप करायचं, कॅन्टीनमध्ये चार चहा प्यायचे, एखादा ऑनलाइन कोर्स उघडून ठेवायचा. उरलेले दोन दिवस तेच सगळं घरून, चहा आईच्या हातचा.

तर हे चिरंजीव परवा बुधवारी दुपारी तीन वाजता, म्हणजे भर कचेरीच्या वेळेत, एफसी रोडवरून घेतलेली चेल्सीची निळी जर्सी घालून रविवारच्या सामन्याचं पुनःप्रक्षेपण बघत होते. मांडीवर चिवड्याची वाटी. शेजारी लॅपटॉप उघडा, आणि दर दोन मिनिटांनी डाव्या हाताचं एक बोट माउसला ढोसायचं, कारण तसं केलं नाही तर नावापुढचा हिरवा ठिपका पिवळा होतो आणि बेंगळुरूतल्या कुणाला तरी कळतं की इथे कुणी नाही. मधेच त्याने टीव्हीकडे बोट दाखवलं आणि तिरस्काराने म्हणाला, "मामा, यांच्यातले निम्मे म्हणजे जळवा आहेत, जळवा. खेळायचं नाही, नुसता पगार घ्यायचा. माणसाला काही स्वाभिमान?"

आणि माउसला ढोसलं.

मी ताईकडे बघितलं. ताई चिवड्याच्या डब्याकडे बघत होती. तिच्या घराण्यात विनोदाची देवघेव अशीच, नजर टाळून चालते.

आता तुम्ही म्हणाल, पोरगं आहे, सोडून द्या. सोडलं असतं. पण हे प्रवचन त्याचं एकट्याचं नाही. जगातला प्रत्येक समालोचक, प्रत्येक निवृत्त खेळाडू आणि चड्डी घालून सोफ्यावर बसलेला प्रत्येक चाहता हेच प्रवचन देतो: खऱ्या फुटबॉलपटूला मैदानाची भूक असते, तो कमी पगारावर छोट्या क्लबात जाईल पण खेळेल, बाकावर बसून जास्त पैसे घेणारा तो भाडोत्री. वा! साठ वर्षांपूर्वीच्या शिक्षकी पेशावरच्या निबंधात शोभावं असं वाक्य. म्हणणारा मात्र मागच्याच वर्षी तीस टक्के हाइकसाठी बारा वर्षांची कंपनी सोडून आलेला असतो, आणि निरोपाच्या केकवर ‘नव्या आव्हानासाठी शुभेच्छा’ असं लिहिलेलं असतं.

चेल्सीचा चाहता असणं म्हणजे न खेळता पगार घेणाऱ्यांवर प्रबंध लिहिणं. या पंथाचा आद्य पुरुष विन्स्टन बोगार्ड. भाचा तेव्हा पाळण्यात होता, पण बोगार्डला शिव्या देण्याचा वारसा त्याने जर्सीबरोबर घेतला. माणूस काही रस्त्यावरून उचलून आणलेला नव्हता. १९९६ चा चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना अजॅक्सकडून खेळलेला, मग मिलान, मग बार्सिलोना. २००० च्या ऑगस्टअखेरीस चेल्सीने त्याला चार वर्षांच्या करारावर घेतलं. आठवड्याला सुमारे ४० हजार पौंड. काही दिवसांतच व्यवस्थापक व्हियाली यांना नारळ मिळाला, रानिएरी आले, आणि त्यांनी या डच बचावपटूकडे लग्नात आलेल्या चौथ्या मिक्सरकडे बघावं तसं बघितलं. चार वर्षांत लीगचे सामने किती? ९. गणित मी केलंय, तुम्ही तसदी घेऊ नका: ८३ लाख २० हजार पौंड भागिले ९. सामन्याला साधारण सव्वानऊ लाख.

क्लबने मग सासुरवासाची सगळी आयुधं बाहेर काढली. राखीव संघात धाडला. पोरासोरांबरोबर सराव करायला लावला. कल्पना अशी, की मानी माणूस आहे, चिडेल, करार फाडून तोंडावर फेकेल आणि चालता होईल. सून काही माहेरी गेली नाही. बोगार्ड सरावाला हजर, पगाराला हजर, २००४ च्या उन्हाळ्यापर्यंत. त्याचं म्हणणं सरळ होतं: सही झाली त्या क्षणी ते पैसे माझे झाले, माझे पैसे मी का फेकून देऊ? पाव शतक लोक या माणसाची टवाळी करतायत, पण या वाक्याला भोक पाडलेलं मी अजून कुठे वाचलेलं नाही. पुढे त्याने आत्मचरित्र लिहिलं. त्या पुस्तकाच्या नावाचा अर्थ असा, की हा काळा माणूस कुणापुढे वाकत नाही. नैतिकतेचे ठेकेदार हे नाव चटकन विसरतात. त्यांना फक्त ४० हजार हा आकडा पाठ असतो. आणि अजॅक्सने? ज्या क्लबात तो गाजला त्यांनी त्याला पुढे प्रशिक्षकांच्या ताफ्यात घेतलं. म्हणजे ‘भूक मेलेल्या’ माणसाला त्यांनी पोरांना भूक शिकवायला ठेवलं. काय म्हणावं!

आमच्या शाळेत बाई बाकावर उभं करायच्या, ती शिक्षा होती. इंग्लंडात बाकावर बसवतात आणि ४० हजार पौंड देतात, तीही म्हणे शिक्षाच. दोन्हींत शरम कुणाला वाटायला हवी, यावर मात्र एकमत आहे: विद्यार्थ्याला. बाईंना कधीच नाही.

समजा, ऐकलं प्रवचन. खेळायला म्हणून गेला माणूस. पुढे काय होतं? मायकेल ओवेनचं बघा. २००४ मध्ये रेआल माद्रिदला गेला. तिथे बराचसा बदली खेळाडू म्हणून उतरूनही त्याने लीगमध्ये १३ गोल केले. पण २००६ मध्ये विश्वचषक, आणि विश्वचषकाआधी रोज खेळायला हवं, हे शास्त्र. म्हणून २००५ मध्ये न्यूकॅसल. (पगारही तिथे काही भिक्षापात्रात घालून देत नव्हते, ‘खेळण्यासाठी त्याग’ या प्रकारात त्याग नेमका कुठे असतो ते भिंग लावून शोधावं लागतं.) त्याच वर्षीच्या शेवटच्या दिवशी पायाचं हाड मोडलं. विश्वचषकाला कसाबसा पोचला आणि स्वीडनविरुद्धच्या सामन्यात पहिलं मिनिट पुरं व्हायच्या आत गुडघा गेला. न्यूकॅसल २००९ मध्ये खालच्या श्रेणीत घसरलं. मग साहेब मँचेस्टर युनायटेडला गेले, मुख्यतः बाकावर बसले, आणि २०११ मध्ये प्रीमियर लीग विजेत्याचं पदक गळ्यात पडलं. आयुष्यातलं एकमेव. लिव्हरपूलला इतकी वर्षं धावून मिळालं नव्हतं ते.

पण बाकाच्या माहात्म्याचा खरा अधिकारी पुरुष ओवेन नाही. तो मान स्कॉट कार्सनचा.

या माणसाबद्दल मराठीत अजून एकही अध्याय कसा लिहिला गेला नाही, याचं मला नवल वाटतं. आपल्याकडे साक्षीभावावर इतकं लिहिलंय. कार्सन गोलरक्षक. मे २००५, इस्तंबूल. लिव्हरपूल मिलानविरुद्ध मध्यंतराला तीन गोलांनी मागे आणि मग तो अचाट विजय. तुम्हाला जेरार्ड आठवतो, दुदेक आठवतो. बाकावर एकोणीस वर्षांचा एक पोरगा बसला होता, तो आठवत नाही. कार्सन. उठला नाही, पदक मिळालं. मग त्याने काय केलं? जगाने सांगितलं तेच. खेळायला म्हणून वेगवेगळ्या क्लबांत गेला, रोज खेळला, चांगला खेळला, इंग्लंडच्या संघात आला. नोव्हेंबर २००७, वेम्बली, क्रोएशियाविरुद्धचा सामना, युरो स्पर्धेची पात्रता पणाला. आठव्याच मिनिटाला क्रान्यचारने लांबून एक साधासा फटका मारला, चेंडू टप्पा घेऊन कार्सनच्या हाताला लागून आत गेला. इंग्लंड २-३ ने हरलं, युरो २००८ हुकलं, व्यवस्थापकाची नोकरी गेली आणि बावीस वर्षांच्या त्या पोराचा तो एक क्षण पुढची कित्येक वर्षं टीव्हीवर फिरत राहिला. मैदानावरच्या वेळेचं हे फळ. अगदी ताजं, झाडावरून तोडलेलं.

पुढे डर्बीहून २०१९ मध्ये मँचेस्टर सिटीने त्याला आधी लोनवर घेतला, मग कायमचा. तिसरा गोलरक्षक. पहिला जखमी झाला तर दुसरा, दुसराही झाला तर हा. सहा वर्षांत अधिकृत सामने दोन! त्यातल्या पहिल्यात न्यूकॅसलविरुद्ध पठ्ठ्याने पेनल्टी अडवली (उसळून आलेला चेंडू पुन्हा मारला गेला आणि गोल झाला, ते सोडा, ती चूक बचावफळीची). आणि जून २०२३ मध्ये सिटीने चॅम्पियन्स लीग जिंकली तेव्हा अंतिम सामना कुठे होता? इस्तंबूल. तेच अतातुर्क स्टेडियम. बाकावर कोण? तोच. मधे अठरा वर्षं गेली, एका अख्ख्या पिढीचे गुडघे झिजले, आणि हा गृहस्थ त्याच मैदानाच्या कडेला, बूट न मळवता, दुसरं पदक घेऊन उभा. त्या मोसमात सिटीने तिन्ही मोठ्या स्पर्धा जिंकल्या, कार्सनने एकही सामना न खेळता.

मला सांगा, याला कुणी जळू म्हटलं? नाही. सिटीचे खेळाडू त्याच्यावर जीव टाकायचे, पत्रकार त्याच्यावर कौतुकाचे लेख लिहायचे. का? कारण तो स्वस्त होता. आणि इंग्लिश होता. लीगच्या पंचवीस जणांच्या यादीत परदेशात घडलेले सतराच चालतात, बाकीच्या जागा इंग्लंड-वेल्समध्ये घडलेल्यांसाठी. त्या यादीतला तो एक ‘देशी’ रकाना भरायचा. म्हणजे पाहा, आक्षेप न खेळण्याला नाहीच. न खेळणं हे संत माणसाचं लक्षण आहे, जोवर तुमचा पगार कमी आहे. पगार वाढला की तेच न खेळणं पाप. हे नीतिशास्त्र नाही, हा अकाउंट्स विभागाचा राग आहे. त्यावर भगवी शाल पांघरलीय एवढंच.

आता जरा मागे जाऊ, कारण या प्रवचनकारांना इतिहास म्हणजे गेला मोसम वाटतो. इंग्लंडात १९६१ च्या जानेवारीपर्यंत फुटबॉलपटूला आठवड्याला २० पौंडांच्या वर पगार देता येत नसे. तो नियम खेळाडूंच्या संघटनेने संपाची धमकी देऊन मोडून काढला, तिचा अध्यक्ष जिमी हिल. लगेच फुलहॅमच्या जॉनी हेन्सला १०० पौंड मिळू लागले आणि सभ्य समाजाला घेरी आली. पण खरी गंमत पगारापेक्षा दुसऱ्या कलमात होती. करार संपला तरी खेळाडूची नोंदणी क्लबकडेच राहायची. क्लबने मनात आणलं तर ना खेळवायचं, ना पगार द्यायचा, ना दुसरीकडे जाऊ द्यायचं. नव्वद दिवसांच्या नोटीस पीरियडमध्ये अडकलेल्या आणि रिलीव्हिंग लेटरसाठी एचआरच्या पाया पडलेल्या माझ्या वाचकांना हे वेगळं समजावून सांगायला नको. तुमचे नव्वद दिवस तरी संपतात. त्यांचे संपत नसत.

जॉर्ज ईस्टहॅम न्यूकॅसलचा. १९६० मध्ये नव्या करारावर सही करणार नाही म्हणाला. क्लब म्हणाला, मग बस. हा बसला नाही. ओळखीच्या एकाकडे कॉर्क विकायला लागला. कॉर्क! इंग्लंडकडून खेळण्याच्या लायकीचा माणूस कित्येक महिने कॉर्क विकत होता, कारण क्लबला त्याला जाऊही द्यायचं नव्हतं आणि पगारही द्यायचा नव्हता. शेवटी त्याला आर्सेनलला सोडलं, पण गडी कोर्टात गेला आणि १९६३ मध्ये न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी सांगितलं की ही पद्धत म्हणजे माणसाच्या धंद्यावर घातलेली गैरवाजवी आडकाठी आहे. तरी तिचं शेपूट युरोपभर वळवळत राहिलं. १९९० मध्ये बेल्जियममध्ये लिएजने जाँ-मार्क बोसमनला पगार चौथाईवर आणून नवा करार देऊ केला. तो म्हणाला, मी डंकर्कला जातो. हे म्हणाले, जा, पण आमची किंमत भरून. सौदा फिसकटला. १५ डिसेंबर १९९५ ला युरोपीय न्यायालयाने निकाल त्याच्या बाजूने दिला. तोवर त्याच्या पायातला फुटबॉल संपला होता. त्या निकालावर पुढच्या सगळ्या पिढ्या गब्बर झाल्या, तो स्वतः नाही.

सांगायचं हे, की माणसाला न खेळवता अडकवून ठेवणं हा खेळाडूंनी काढलेला उद्योग नव्हे. तो क्लबांचा घरगुती व्यवसाय, पिढीजात. शंभर वर्षं त्यांनी तो फुकटात चालवला. आता त्याच अडकवून ठेवण्याचे पैसे मोजावे लागतात म्हटल्यावर एकदम त्यांना ‘खेळाचा आत्मा’ आठवला. चोराला कुलूप विकत घ्यावं लागलं की तो म्हणतो, समाजात विश्वासच उरला नाही हो!

मराठीत यासाठी एक नेमका शब्द आहे, खोगीरभरती. खोगीर फुगलेलं दिसावं म्हणून आत चिंध्या कोंबायच्या. मोठे क्लब दुसरं काय करतात? चेल्सीचे एके काळी चाळीसेक खेळाडू एकाच मोसमात इतर क्लबांना उसने दिलेले असायचे. उसनवारीचा एवढा मोठा धंदा आमच्या चाळीत जोशीकाकू साखरेवरही करू शकल्या नाहीत. शेवटी फिफालाच आकडे घालावे लागले: परदेशी लोन २०२२ मध्ये आठ, मग सात, मग सहा. मग क्लबांनी काय केलं? करारच लांबवले. मिखाइलो मुद्रिक २०२३ च्या जानेवारीत चेल्सीत आला, साडेआठ वर्षांसाठी. साडेआठ! लग्नपत्रिकेतही इतकी खात्री कुणी देत नाही. प्रेमापोटी नव्हे हो. खरेदीची किंमत करारातल्या वर्षांत विभागून हिशेबाच्या वहीत दाखवता येते. वर्षं जितकी जास्त, तितकं दर वर्षीचं ओझं हलकं. युएफाने त्याच वर्षी ही पळवाट पाच वर्षांवर आणून बुजवली. थोडक्यात, करार लांब ठेवायचा हा निर्णय चार्टर्ड अकाउंटंटचा. आणि खेळाडू त्या करारातली वर्षं मोजत बसला की शरम वाटायला हवी खेळाडूला.

नको झालेल्या चिंधीचं काय करतात तेही बघा. २०२४ च्या ऑगस्टमध्ये रहीम स्टर्लिंगला चेल्सीने मुख्य संघातून वगळलं. २०२२ मध्ये स्वतःच आणला होता, पाच वर्षांच्या करारावर, गाजावाजा करून. त्याचा सात नंबर काढून पेद्रो नेतोला दिला. चिलवेल आणि इतर काहीजण मुख्य संघापासून वेगळे सराव करत होते. वर्गाबाहेर उभं करणं म्हणतात ते हेच. पगार देतो ना, मग अपमान करायचा हक्क आपोआप येतो, अशी समजूत. नेमकी हीच समजूत तुमच्या-माझ्या साहेबांची असते म्हणून तर आपण चिडतो. मग टीव्हीवर तोच साहेब निळ्या सुटात दिसला की आपण त्याच्या बाजूने का होतो? कुणी सांगेल?

सगळ्यात मौज कायद्याची. फिफाच्या नियमावलीत पंधरावं कलम आहे. प्रस्थापित व्यावसायिक खेळाडूला मोसमात क्लबच्या अधिकृत सामन्यांपैकी दहा टक्क्यांहून कमी सामन्यांत खेळवलं, तर त्याला ‘क्रीडाविषयक सबळ कारण’ सांगून करार मुदतीआधी मोडता येतो. मोसमातल्या शेवटच्या सामन्यानंतर पंधरा दिवसांत कळवायचं. शब्द बघा, ‘सबळ कारण’! म्हणजे खेळाचा स्वतःचा कायदा मानतो की न खेळवणं ही खेळाडूची झालेली हानी आहे. घटस्फोट मागण्याइतकी. आणि चावडीवरचा न्याय नेमका उलटा: नवऱ्याने बायकोला घराबाहेर ओसरीवर ठेवलं, आणि गाव म्हणतंय, बघा, कशी फुकटची भाकरी खातेय.

जॅक रॉडवेलचं तर विचारूच नका. सिटीने २०१२ मध्ये एव्हर्टनहून उचलला, दोन वर्षं जवळजवळ शोभेला ठेवला, मग संडरलंडला विकला. संडरलंडने आठवड्याला ७० हजार पौंड कबूल केले असं तेव्हा सगळीकडे छापून आलं. संघ घसरला तर पगार घसरेल, हे कलम करारात घालायला मात्र विसरले. २०१७ मध्ये संघ घसरला. २०१८ मध्ये आणखी एक पायरी खाली गेला. आणि सगळं गाव या एका माणसाच्या मागे, की तू करार सोड. क्लबवर एक माहितीपटच निघाला, त्यात वरिष्ठ मंडळींचे कष्टी चेहरे दिसतात. कलम विसरणाऱ्या वकिलाचा चेहरा त्यात कुठे दिसत नाही. तो बहुधा दुसऱ्या क्लबात नव्या आव्हानाला गेला असावा.

आता गैरसमज नको. मी खेळाडूंना काही तुळशीपाशी बसवत नाहीये. त्यांचंही सोंग काही कमी नाही. करारावर सही करताना ‘प्रोजेक्ट आवडलं’ म्हणतात. प्रोजेक्ट! अहो, तुम्ही काय कोयना धरण बांधताय? पाचपट पगाराला पाचपट पगार म्हणायची हिंमत त्या पत्रकार परिषदेत एकालाही होत नाही. डॅनी ड्रिंकवॉटरचं उदाहरण घ्या. २०१६ मध्ये लेस्टरने लीग जिंकण्याचा चमत्कार केला, त्यातला मधल्या फळीतला कणा. पुढच्याच वर्षी साडेतीन कोटी पौंडांच्या आसपास किमतीला चेल्सीत. पाच वर्षांत २३ सामने, त्यातही पहिला मोसम संपल्यावर एकच. बाकी काळ बर्नली, व्हिला, तुर्कस्तान, रेडिंग, अशी वारी. २०२२ मध्ये करार संपला तेव्हा त्याने चाहत्यांची जाहीर माफी मागितली. माफी! ज्याला चार वर्षं कुणी बूट घालू दिले नाहीत तो माफी मागतो, आणि ज्याने त्याला विकत घेतलं तो पुढच्या खरेदीला निघालेला असतो. बोगार्डने निदान हा तमाशा केला नाही.

आणि गॅरेथ बेल. याच्यावर माझा जीव आहे, कबूल करून टाकतो. २०१८ च्या अंतिम सामन्यात कीव्हला बाकावरून उठला, आणि तीनेक मिनिटांत हवेत आडवा होऊन डाव्या पायाने असा गोल मारला की लिव्हरपूलच्या चाहत्यांनीही डोक्याला हात लावला. सामना संपल्या संपल्या म्हणाला, मला दर आठवड्याला खेळायला हवं. घ्या! प्रवचनातला आदर्श खेळाडू मिळाला की नाही? पण पुढे झिदानशी जमेना. २०१९ मध्ये झिदान उघडपणे म्हणाला, उद्या गेला तर फारच छान. चीनचा क्लब भरमसाट पैसे द्यायला तयार होता. तो सौदा ऐन वेळी रद्द कुणी केला? माद्रिदने. कारण त्यांना त्याच्या बदल्यात पैसे हवे होते. म्हणजे जा, पण फुकट जाऊ नको. आणि राहिलास तर खेळवणार नाही. आणि न खेळता पगार घेतलास तर लाज वाटू दे. तीन सुना तीन सासवांकडे गहाण टाकल्या तरी इतका गुंता होत नाही. मग बेलने काय केलं? वेल्ससाठी खेळला, गोल्फ खेळला, आणि वेल्स युरोला पात्र ठरलं तेव्हा ‘वेल्स, गोल्फ, माद्रिद, याच क्रमाने’ असं लिहिलेल्या झेंड्यामागे उभा राहून नाचला. माद्रिदच्या बाकावर एकदा मास्क डोळ्यांवर ओढून झोपेचं सोंग घेतलं. स्पेनच्या एका वृत्तपत्राने त्याला रक्त शोषणारा किडा म्हणून चितारलं. काही महिन्यांतच वेल्स १९५८ नंतर पहिल्यांदा विश्वचषकाला पोचलं, आणि तिथे त्यांचा एकमेव गोल त्याच किड्याने केला.

बार्सिलोनाचं तर अंगणच वाकडं. फ्रेंकी डी याँगने महामारीत क्लबच्या विनंतीवरून पगाराचा मोठा हिस्सा पुढे ढकलायला होकार दिला. २०२२ च्या उन्हाळ्यात क्लबला पैशांची चणचण, म्हणून याला मँचेस्टर युनायटेडला विकायचा घाट घातला. मागच्या थकबाकीचं काय ते बघू नंतर. तो जागचा हलला नाही. लगेच कुजबुज सुरू: पैशाचा लोभी. ज्याचे पैसे अडकलेत तो लोभी, ज्याने अडकवलेत ती संस्था. वाण्याकडे उधारी थकवून वर त्यालाच ‘भारी हिशेबी बुवा’ म्हणणारे लोक आपल्याकडेही आहेत, पण ते निदान स्टेडियम बांधत नाहीत.

हे सगळं मी भाच्याला सांगितलं. थोडक्यात नव्हे, सविस्तर. माझा स्वभाव तुम्हाला एव्हाना कळलाच असेल. त्याने मधे मधे माउसला ढोसत, चिवड्यातले शेंगदाणे वेगळे काढत ऐकलं. मग म्हणाला, "मामा, पण पॅशन नावाची काही गोष्ट असते की नाही?"

तेवढ्यात लॅपटॉप वाजला. त्याने घाईघाईने टीव्हीचा आवाज बंद केला, जर्सीवर एक शर्ट चढवला, हेडफोन लावला आणि एकदम वेगळ्याच, मऊ, आंतरराष्ट्रीय आवाजात बोलायला लागला. येस, येस. नो, आय अंडरस्टँड. दोन-तीन मिनिटं चाललं. कुठलं तरी प्रोजेक्ट होतं, उद्यापासून सुरू, नोएडाला. जुन्या बँकेची जुनी सिस्टिम, रात्रपाळी. भाचा म्हणाला की त्याला काम करायची खूप इच्छा आहे, फक्त हे त्याच्या प्रोफाइलशी मॅच होत नाही, आणि त्याच्या करिअर गोल्सशी तर अजिबातच नाही, तो योग्य संधीची वाट बघायला तयार आहे.

हेडफोन काढला. शर्ट काढला.

"कोबोल," तो मला म्हणाला. "आणि नोएडा. मी काय वेडा आहे?"

ताईने त्याच्या वाटीत आणखी चिवडा घातला. त्याने टीव्हीचा आवाज वाढवला. पडद्यावर कॅमेरा चेल्सीच्या राखीव खेळाडूंवरून सावकाश फिरत होता. एकाने मांडीवर शाल घेतली होती, दुसरा पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवत होता.

"बघ, बघ," भाचा म्हणाला, "कसे बसलेत बघ."

आणि माउसला ढोसलं.